मागून येणारा झोत: वाचकांच्या प्रश्नांना नेत्रतज्ज्ञांची उत्तरे

रात्री मागच्या वाहनाच्या हेडलाइटमुळे आरशातून डोळे दिपतात, ही तक्रार पत्रांतून सतत येते आणि बहुतेक पत्रांत आरशाचा दोष व डोळ्याचा दोष यांची गल्लत झालेली असते. त्यांपैकी काही प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न: मधल्या आरशाच्या खाली एक छोटी कळ आहे. ती कशासाठी असते?

याच त्रासासाठी असते. अंधार पडल्यावर ती रात्रीच्या स्थितीत वळवावी.

प्रश्न: कळ वळवली की आरसा काळपट होतो. तो खराब झाला आहे का?

नाही. या आरशाची काच पाचरीसारखी, एका कडेला जाड आणि दुसऱ्या कडेला पातळ असते. एरवी आपण काचेच्या पाठीवरील चकचकीत मुलाम्यावरून परतणारा उजेड पाहतो. कळ वळवताच तो छताकडे जातो आणि काचेच्या पुढच्या साध्या पृष्ठभागावरून परतणारा सुमारे ४ टक्के उजेड तेवढा आपल्या वाट्याला येतो. दिवसा उभ्या गाडीत हे करून पाहावे, म्हणजे आरशात गाडीचे छत ठळक आणि त्यावर मागचा रस्ता पुसट तरंगताना दिसेल. मात्र या स्थितीत दिवा नसलेली सायकल किंवा पादचारी जवळजवळ दिसत नाही, म्हणून मागे झोत नसेल तेव्हा आणि गाडी मागे घेताना कळ पूर्ववत करावी.

प्रश्न: बाजूच्या आरशांना अशी कळ नाही. रात्री ते मिटून ठेवले तर चालेल का?

मुळीच चालणार नाही. पुष्कळ जण हे आरसे इतके आत वळवतात की निम्म्या आरशात स्वतःच्याच गाडीची बाजू दिसत राहते आणि ठीक मागच्या गाडीचा झोत तिन्ही आरशांतून एकदम डोळ्यांवर येतो. आपल्या गाडीची कड आरशातून जेमतेम निसटेल इतके ते बाहेर वळवावेत. झोत कमी होतो आणि शेजारून येणारे वाहनही अधिक चांगले दिसते. हे काम गाडी उभी असताना करावे आणि नव्या कोनाची सवय आधी दिवसा करून घ्यावी.

प्रश्न: चष्म्याच्या दुकानात रात्रीसाठी पिवळ्या काचांचा चष्मा सुचवला. घ्यावा का?

घेऊ नये. रंगीत काच, मग तिच्या वेष्टनावर काहीही छापलेले असो, डोळ्यांत जाणारा उजेड कमीच करते, आणि रात्री आधीच उजेडाची टंचाई असते. ड्रायव्हिंग सिम्युलेटरवर केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पिवळ्या काचांमुळे पादचारी ओळखण्यात काहीही सुधारणा आढळली नाही. उपयोग होतो तो अचूक नंबराचा, विशेषतः तिरपा नंबर असल्यास, आणि काचेच्या दोन्ही बाजूंना दिलेल्या परावर्तनरोधक लेपाचा. कारण मागून आलेला उजेड चष्म्याच्या आतल्या बाजूवर आपटूनही डोळ्यांत शिरतो. नवी काच घेण्यापूर्वी नंबर तपासून घ्यावा, जुन्या कागदावरचा नंबर देऊ नये.

प्रश्न: माझे वय ६२ आहे. पूर्वी कळ वळवून भागत असे. आता मागच्या गाडीचा दिवा आरशात फुटून पसरल्यासारखा दिसतो. दोन वर्षांपूर्वी मोतीबिंदू सुरू झाल्याचे निदान झाले, त्यानंतर तपासणी केलेली नाही, परंतु तक्त्यावरची अक्षरे वाचता येतात आणि तो पिकल्याशिवाय काही करू नये असे घरचे म्हणतात. आपोआप गडद होणारा आरसा बसवावा का?

आरसा अवश्य बसवावा. त्यातील संवेदक बाहेरचा अंधार आणि मागून येणारा झोत यांची तुलना करतात आणि विजेच्या सौम्य दाबाने दोन काचांमधील थर गडद होतो. परंतु आपला उजेड आरशात फुटत नसून डोळ्यातील गढूळलेल्या भिंगात फुटतो आहे, आणि समोरून येणाऱ्या गाडीपुढे हा आरसा काय करणार?

तक्ता वाचता येतो, हे मी रोज ऐकतो. अंधाऱ्या खोलीत शेवटून दुसरी ओळ सहज वाचणाऱ्या रुग्णाच्या डोळ्याजवळ बाजूने दिवा धरला, की त्याच तक्त्यावरच्या खालच्या तीन ओळी नाहीशा होतात आणि तो स्वतःच चकित होतो. साठीच्या डोळ्यात दृष्टिपटलापर्यंत, म्हणजे उजेड टिपणाऱ्या मागच्या पडद्यापर्यंत, विशीच्या मानाने सुमारे एक-तृतीयांश उजेड पोहोचतो. त्यातलाही काही भिंगात विखुरला, तर रस्त्यावरचा माणूस धुक्यात हरवावा तसा हरवतो. ताशी ८० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला २२ मीटर जाते, म्हणजे दिपलेले डोळे सावरायला तीन सेकंद लागले तर ६६ मीटर अंतर न पाहताच कापले जाते.

‘पिकू द्या’ हा सल्ला अखंड भिंग बाहेर काढण्याच्या काळातला आहे. अमेरिकी नेत्रतज्ज्ञ चार्ल्स केलमन यांनी १९६७ साली ध्वनिलहरींनी भिंग फोडून शोषून घेण्याची पद्धत आणली, आणि तिच्या दृष्टीने फार पिकलेला, टणक झालेला मोतीबिंदूच अधिक त्रासाचा ठरतो. मोतीबिंदू विरघळवतात म्हणून विकल्या जाणाऱ्या थेंबांवर तर एक पैसाही घालवू नये, कारण तसे सिद्ध झालेले औषध उपलब्ध नाही. शस्त्रक्रिया आत्ताच हवी असे मी पत्रावरून सांगणार नाही. दृष्टिपटलाचीही तपासणी व्हायला हवी. परंतु दोन वर्षे तपासणीच केलेली नाही, हे मात्र अक्षम्य आहे. ती या महिन्यात करावी, दिपण्याचा त्रास तेथे आवर्जून सांगावा आणि तोपर्यंत रात्री गाडी चालवू नये.

प्रश्न: दिव्यांभोवती इंद्रधनुष्यासारखी वलये दिसतात आणि कधी कधी कपाळ व डोळा दुखतो. काच पुसूनही फरक पडत नाही.

हा काचबिंदूच्या एका प्रकाराचा इशारा असू शकतो आणि त्यात गेलेली दृष्टी परत येत नाही. आजच नेत्रतज्ज्ञांकडे जावे. डोळा लाल होऊन वेदना व उलटी सुरू झाल्यास एक तासही थांबू नये.

प्रश्न: तपासणीला स्वतः गाडी चालवत जावे का?

नाही. बाहुली मोठी करणाऱ्या थेंबांचा परिणाम काही तास टिकतो; परतताना गाडी दुसऱ्याने चालवावी.