फुलदाणी बाजूला ठेव

प्रिय मुली,

तुझ्या चित्राचा फोटो मिळाला. मला आधी दिसली पितळी लोटी, मग तिच्यावरची चमक, मग मागचा जरीचा पदर. अनंताचं फूल सगळ्यात शेवटी. लग्नघरात परक्या पाहुण्यासारखं अंग चोरून बसलंय बिचारं.

म्हणून तुला मार्टिन जॉन्सन हीडबद्दल लिहितोय. अमेरिकन चित्रकार, जन्म १८१९चा. हमिंगबर्ड रंगवायला हा माणूस ब्राझीलपर्यंत गेला. किनाऱ्याजवळच्या दलदली, गवताच्या गंजी, वादळं रंगवली. फुलदाणीतली फुलंही रंगवली, तुझ्यासारखीच. १८८३ मध्ये, वयाच्या ६४व्या वर्षी, लग्न करून फ्लोरिडातल्या सेंट ऑगस्टीनला त्याने बिऱ्हाड थाटलं. तिथे तो मॅग्नोलिया ग्रँडिफ्लोराच्या नादी लागला. आपल्या सोनचाफ्याचाच हा भाऊबंद, फक्त फूल पांढरं आणि ताटलीएवढं.

इथे त्याने फुलदाणी काढूनच टाकली. तोडलेली डहाळी सरळ मखमलीवर आडवी ठेवली. मखमल कधी लाल, कधी सोनेरी. निळ्या मखमलीवरचं चित्र वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहे. कॅनव्हास जेमतेम ३८ बाय ६१ सेंटिमीटरचा. नेटवर मिळेल, मोठं करून बघ, पण मोबाइलवर नको.

बघताना एक कर. उजेड कुठे काय करतो तेवढंच शोध. मखमल उजेड पिऊन टाकते. पानाची वरची बाजू तो आरशासारखा परतवते, आणि तेच पान उलटलं की खाली गंजासारखी तपकिरी लव, तिथे चमक नाही. पाकळी या सगळ्यांच्या मधली, जाडसर, मऊ चामड्यासारखी. चार पृष्ठभाग, चार स्वभाव. तू लोटीवर, पदरावर आणि पाकळीवर एकाच हाताने पांढरा ठिपका ठेवला आहेस.

आता पांढऱ्याबद्दल. ट्यूबमधला पांढरा फुलात जवळजवळ कुठेच नसतो. पाकळीच्या खोलात हिरवट पिवळा असतो, सावलीत राखाडी, आणि कडेला खालच्या कापडाचा रंग चोरपावलांनी चढलेला असतो. शुद्ध पांढरा एखाद्या वळणापुरता राखून ठेव.

मॅग्नोलियाच्या पाकळीला बोट लागलं तरी ती काळवंडते, आणि उमललेलं फूल एक-दोन दिवसांचंच सोबती. पानं मात्र धीराची. तुझा अनंतही तसाच, आज पांढरा तर उद्या पिवळट. तेव्हा क्रम सांभाळ: आधी फूल, मग पान, कापड शेवटी. तू नेमकं उलटं करतेस. मागचा पदर पूर्ण होईपर्यंत फूल मान टाकतं आणि मग ते आठवणीतून रंगवावं लागतं. तुझ्या चित्रात ते कळतं, राग मानू नकोस.

आणि 'एकच फूल किती वेळा रंगवू?' असं विचारलं आहेस. हीडने मॅग्नोलियाची चित्रं वर्षानुवर्षं केली. मोठं नाव होईल म्हणून नव्हे. १९०४ मध्ये तो गेला आणि लोक त्याला विसरूनही गेले, ते थेट १९४०च्या दशकापर्यंत. सोनेरी मखमलीवरचं एक चित्र तर इंडियानात एका घरात भिंतीचं भोक झाकायला टांगलेलं होतं! मालकाने एका बैठ्या खेळात त्याच चित्रकाराचं तसंच चित्र पाहिलं म्हणून संशय आला. १९९९ मध्ये ह्यूस्टनच्या संग्रहालयाने ते साडेबारा लाख डॉलरला घेतलं. ही गोष्ट मी वर्गात सांगितली की पोरं फक्त आकडा लक्षात ठेवतात.

तू पुढच्या खेपेला तीन चित्रं पाठव. तेच अनंताचं फूल, दोन पानं, खाली एकरंगी जाड कापड. मखमल नसेल तर जुन्या ब्लाउजपीसचा तुकडा चालेल, फक्त चमकणारा नको. प्रत्येक चित्र एका बैठकीत, सकाळच्या उजेडात. आणि लोटी शेजारच्या काकूंकडून आणली म्हणालीस ना, ती आजच परत देऊन ये.

तुझे सर