सूर्यफुलाचे ‘कणीस’ म्हणावे का?

यवतमाळ जिल्ह्यातील एका शिक्षिकेने विचारले आहे की, त्यांच्या शाळेतील मुले निबंधात ‘वावरात सूर्यफुलाची कणसे भरली’ असे लिहितात. कणीस ज्वारीचे किंवा मक्याचे असते, सूर्यफुलाला तर फूल येते, तेव्हा हे वाक्य दुरुस्त करावे का?

माझ्या मते ते मुळीच दुरुस्त करू नये. संस्कृत ‘कणिश’ या शब्दावरून आलेला ‘कणीस’ हा शब्द दाणे दाटीने धरणाऱ्या शेंड्याला लावला जातो आणि सूर्यफुलाच्या झाडावर नेमके तेच घडते. ज्याला आपण एक फूल समजतो, तो खरे तर एका रुंद तबकडीवर दाटलेल्या शेकडो, पुष्कळदा हजाराहून अधिक, लहान फुलांचा फुलोरा असतो. वनस्पतिशास्त्राच्या मराठी परिभाषेत त्याला ‘स्तबक’ म्हणतात. कडेला ज्या लांब पिवळ्या पाकळ्या दिसतात, त्यांतील प्रत्येक पाकळी म्हणजे एक स्वतंत्र किरणपुष्पक असून ते वांझ असते. त्याचे काम कीटकांना बोलावण्याचे. दाणा धरतात ती आतली नळीसारखी बिंबपुष्पके. ती एकाच दिवशी उमलत नाहीत, तर बाहेरच्या कडेपासून मध्याकडे वर्तुळावर्तुळाने, साधारण आठवडाभर उमलत राहतात. प्रत्येक पुष्पकात आधी पराग बाहेर पडतो आणि त्यानंतर त्याचा स्त्रीकेसर ग्रहणक्षम होतो, त्यामुळे दाणा भरण्यासाठी मधमाश्यांची ये-जा फार महत्त्वाची ठरते.

याची खातरजमा मुलांकडून वावरातच करून घेता येईल. फुलोरा सुकत आलेल्या कणसावर अंगठा फिरवला की वाळलेल्या नळ्या झडतात आणि प्रत्येक नळीच्या खाली एकेक दाणा बसलेला दिसतो. जितकी बिंबपुष्पके, तितक्या दाण्यांच्या जागा. मात्र त्या सगळ्या भरतातच असे नाही, आणि मध्यभागी सर्वांत शेवटी उमललेली पुष्पके पुष्कळदा रिकामी राहतात.

येथेच ‘बी’ या शब्दाचाही विचार करणे अगत्याचे आहे, कारण आपण पेरतो ते सूर्यफुलाचे बी शास्त्राच्या दृष्टीने एक आख्खे फळ आहे. काळे किंवा पट्टेदार टरफल ही फळाची भिंत, आणि त्याच्या आतला पांढरा, तेलकट गर हे खरे बीज. पराग न मिळाल्यास आत बीज तयार होत नाही, पण टरफल मात्र वाढते. म्हणून वरून भरलेला वाटणारा दाणा फोडल्यावर पोचट निघतो. ज्या हंगामात माश्या कमी दिसतात, त्या वेळी फुलोऱ्यावरून सकाळी हलक्या हाताने मऊ कापड फिरवण्याचा सल्ला कृषितज्ज्ञ देतात, तो याचसाठी.

तरीही ‘सूर्यफुलाचे बी’ हा प्रयोग चुकीचा ठरत नाही. मराठीत जे पेरले जाते ते बी, मग शास्त्र त्याला फळ म्हणो वा बीज. सूर्यफुलाच्या कुळातलीच असलेली करडई आणि झेंडू यांचे बीही असेच फळ असते, धणे आणि ज्वारीचा दाणा हीदेखील फळेच आहेत. उलट कपाशीची सरकी हे अस्सल बीज आहे. शेतकरी या सर्वांना एकाच रांगेत ‘बी-बियाणे’ म्हणतो, कारण त्याला ते जमिनीत टाकायचे असते.

परिभाषेत ‘कणिश’ हा शब्द लांब दांड्यावर बिनदेठाची फुले असलेल्या फुलोऱ्यासाठी राखलेला आहे, त्यामुळे विज्ञानाच्या उत्तरपत्रिकेत मुलांनी ‘स्तबक’ लिहावे. निबंधात मात्र ‘कणसे भरली’ हेच राहू द्यावे. ‘सूर्यफुलाची फुले भरली’ अशी दुरुस्ती केली, तर दाणा भरण्याचा अर्थच त्या वाक्यातून निघून जाईल.