२६ च्या टायरात २६ ची कुठलीही ट्यूब चालते का?

नाही चालत. दुकानदार काहीही म्हणू दे.

तुम्ही विचारलंय की मुलीच्या लेडीज सायकलच्या टायरवर २६ × १-३/८ लिहिलंय, दुकानात मात्र २६ × १.७५/२.१२५ ची ट्यूब हातात ठेवली आणि "२६ म्हणजे २६, बसतंय बिनधास्त" असं सांगितलं, तर ती घ्यावी का. हेच वाक्य आमच्या घरात इतक्यांदा ऐकलंय की उत्तर लिहिल्याशिवाय राहवेना. थोडं लांबेल.

मी कोल्हापुरात उद्यमनगरात लेथवर काम करतो. १-३/८ ला आम्ही एक इंच तीन सूत म्हणतो. बेअरिंगची सीट मिलिमीटरच्या शंभराव्या भागानं इकडेतिकडे झाली तर जॉब परत येतो, त्यामुळं "बसतंय की" ही भाषा मला चालत नाही. बसणं वेगळं आणि मापात असणं वेगळं.

माझी भाची फुलेवाडीहून गावात शाळेला सायकलनं जाते. सायकल तुमच्यासारखीच, एक इंच तीन सूतवाली. कंपनीतून आलेली ट्यूब व्यवस्थित टिकली. मग एकदा व्हॉल्व्हपाशी फाटली म्हणून दाजींनी एका दुकानातून नवी टाकून आणली, आणि तिथून पोरीच्या मागं साडेसाती लागली. पंक्चर काढायचं, चार दिवस जायचे, सकाळी बघावं तर टायर बसलेलं. शाळेला उशीर, केएमटीच्या सिटी बससाठी पळापळ, आणि संध्याकाळी घरात बोलणी. दाजींचा निकाल पहिल्याच आठवड्यात लागला होता: पोरगी नीट चालवत नाही, खड्ड्यातनं नेते, मैत्रिणींना डबलसीट घेते. ती बिचारी सांगायची, "मामा, मी खरंच बघून चालवते." ऐकतंय कोण? सायकल विकून टाकू, केएमटीचा पास काढ, इथवर गोष्ट गेली.

मी एका रविवारी आक्काकडं गेलो असताना चाक उतरवलं आणि ट्यूब सबंध बाहेर काढली. पंक्चरवाले सहसा भोकापुरतीच ट्यूब ओढतात, ठिगळ लावतात आणि परत आत ढकलतात. सबंध ट्यूब कुणी बघतच नाही. ती बाहेर काढून फरशीवर पसरली तर सगळी ठिगळं एकाच रेषेत! ट्यूबच्या लांबीनं एक घडी पडली होती. घडीत टाल्कम पावडर दाबून बसली होती आणि घडीच्या कडेला रबराची चकाकी जाऊन ते राखाडी, खरबरीत झालं होतं. नवीन भोक म्हणजे गोल टोचा नव्हताच, नखाएवढी चीर होती, घडीच्या बरोबर टोकावर. काटा असा रेघ धरून टोचत नाही. ट्यूबवर छापलं होतं २६ × १.९५/२.१२५. म्हणजे दोन इंची डोंगरी टायरची ट्यूब, पावणेदोन इंचालाही न पोचणाऱ्या टायरात कोंबलेली. अंगापेक्षा दुप्पट मापाची बनियन घट्ट शर्टाच्या आत घातली की जशी गोळा होते, तशी ती आत गोळा होत होती. चाक फिरलं की प्रत्येक फेऱ्याला टायर खाली दबतं, घडी घडीवर घासते, आणि रबर तिथंच मरतं.

दाजींना बोलावून दाखवलं. ते म्हणाले, "अरे रबर हाय ते, ताणतंय की! लहान काय, मोठं काय." मी म्हटलं, दाजी, ताणतं ते लहान असेल तर. मोठं असेल तर ते काय आवळून घेणार आहे होय? त्यावर त्यांच्याकडं उत्तर नव्हतं, पण मान्यही केलं नाही. त्याच दिवशी मापाची ट्यूब आणून टाकली. त्यानंतर पोरीची सायकल पंक्चर होते ती काट्याखिळ्यानं, चार माणसांची होते तशी. दाजींचं आजही म्हणणं असं की "ट्यूब नवी होती म्हणून टिकली." आधीचीही नवीच होती, दाजी. ती पहिल्या महिन्यात गेली.

आता माप कसं बघायचं ते. २६, २८ हे इंच विसरा. टायरच्या बाजूला बारीक अक्षरात दोन आकडे जोडून असतात, तुमच्या टायरवर ३७-५९० असणार. बोटानं चिखल पुसा, दिसेल. त्याला ईटीआरटीओचं, म्हणजे युरोपातल्या टायर-रिमच्या संस्थेचं माप म्हणतात, आयएसओ ५७७५ हे मानक तेच. पहिला आकडा फुगलेल्या टायरची रुंदी, दुसरा टायरची तार रिंगवर जिथं बसते तिथला व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. हे दोन आकडे खोटं बोलत नाहीत. इंच बोलतात. २६ × १-३/८ म्हणजे ५९०. २६ × १.९५, २६ × २.१० या डोंगरी सायकली ५५९. आणि २६ × १-१/२ म्हणजे ५८४, ज्याला आता २७.५ म्हणून विकतात. तिघांच्याही नावात २६, आणि एकाचंही टायर दुसऱ्याच्या रिंगवर चढत नाही.

यात सगळ्यात जास्त माणसं फसतात ती अपूर्णांकात. गणितात १-१/२ आणि १.५० एकच. सायकलच्या टायरात नाही. २६ × १-१/२ चा व्यास ५८४ आणि २६ × १.५० चा ५५९. अपूर्णांक लिहिलेलं आणि दशांश लिहिलेलं टायर एकमेकांच्या जागी घ्यायचं नाही, हिशेब जुळला तरी नाही. लहान पोरांच्या २० च्या सायकलींतही तेच: २० × १.७५ ला ४०६, २० × १-३/८ ला ४५१. दूधवाल्यांच्या जुन्या काळ्या सायकली २८ × १-१/२, म्हणजे ६३५. हायब्रिड आणि रोड सायकलींचं ७०० सी ६२२, आणि २९ म्हणून मिरवणाऱ्या डोंगरी सायकलीही ६२२ च.

ट्यूबला टायरइतकं काटेकोर माप लागत नाही, हे दाजींच्या बाजूनं जेवढं बोलता येतं तेवढं बोलतो. ट्यूबच्या बॉक्सवर पल्ला दिलेला असतो, जसं ७०० × ३५/४३. तुमच्या टायरची रुंदी त्या पल्ल्यात हवी. दोन ट्यूबा मिळत असतील आणि तुमचं माप दोघींच्या सीमेवर असेल तर लहान पल्ल्याची घ्या, कारण ट्यूब थोडी ताणलेली चालते, घडी पडलेली चालत नाही. पण लहान म्हणजे किती लहान? वीतभर टायरात चिंचोळी ट्यूब घातली तर हवा भरल्यावर रबर पातळ पडतं, हवा लवकर उतरते, बारीकशा काट्यालाही ती दाद देते आणि लावलेलं ठिगळ ताणामुळं सुटून येतं. म्हणून मापाचीच घ्या. व्यासाचं म्हणाल तर जवळचे व्यास एकाच ट्यूबमध्ये चालतात. ६२२ आणि ६३५ दोन्ही छापलेली ट्यूब बाजारात मिळते, ती दोन्हीकडं नीट बसते. तसंच ५५९ आणि ५९० दोन्ही छापलेली असेल तर तीही घ्या, फक्त रुंदीत ३७ आलं पाहिजे. पन्हाळ्याला जाताना वाघबिळाच्या चढावर २७.५ चं टायर गेलं आणि जवळ २६ च्या डोंगरी सायकलीची ट्यूब असेल तर ती टाकून घरी या, काही होत नाही. घरी आल्यावर बदला.

व्हॉल्व्ह बघायला विसरू नका, ट्यूब मापाची असून तिथं गाडी अडते. तुमच्या सायकलला बहुतेक जुना वालट्यूबवाला किंवा मोटारसायकलसारखा जाड व्हॉल्व्ह असेल, दोन्ही एकाच मोठ्या भोकात बसतात. बारीक प्रेस्टा व्हॉल्व्हला साडेसहा मिलिमीटरचं भोक असतं, जाडाला साडेआठ. जाड व्हॉल्व्ह बसवायला रिंगचं भोक ड्रिलनं मोठं करून देणारे भेटतील, अरुंद रिंगला ते अजिबात करू देऊ नका. बारीक व्हॉल्व्ह मोठ्या भोकात सैल राहतो आणि मुळाशी ट्यूब कापते. रिंग खोल असेल तर व्हॉल्व्हची लांबीही बघावी लागते, लेडीज सायकलला तो प्रश्न नाही.

आणि तुमच्याकडं आधीच सारखी पंक्चर होत असेल तर नवी ट्यूब टाकायच्या आधी जुनी वाचा. भोक टायरच्या बाजूला असेल तर काटा, काच, आमच्याकडं रस्त्यावर पडलेला लोखंडाचा कीस. टायर आतून बोटानं चाचपा, टोक अजून रुतलेलं असतं. भोक रिंगच्या बाजूला असेल तर रिमपट्टी सरकलीय आणि चाकाच्या तारांच्या (स्पोकच्या) निप्पलचं डोकं लागतंय. शेजारी शेजारी दोन चिरा असतील तर हवा कमी होती आणि खड्ड्यात ट्यूब रिंग व टायरमध्ये चिमटली. टायरच्या बाजूला किती हवा भरायची ते पीएसआयमध्ये लिहिलेलं असतं, तेवढी भरा, अंगठ्यानं दाबून बघण्यावर जाऊ नका. आणि ठिगळं एका रेषेत असतील तर ट्यूब मोठी आहे. टायर चढवताना टायरवरचं नाव नेहमी बरोबर व्हॉल्व्हपाशी ठेवा. पुढच्या वेळी ट्यूबवर भोक सापडलं की टायरवर नेमकं कुठं शोधायचं ते लगेच कळतं.

ट्यूब घालताना तिच्यात थोडी हवा भरा, नुसता आकार धरेल एवढीच, आणि टायरची दुसरी बाजू शक्यतो हातानं चढवा. टायर चढवायच्या पट्टीनं जोर लावला की नवी कोरी ट्यूबही चिमटून फाटते, मग म्हणाल मापाचीही टिकली नाही.

मुलगी घरी येऊन पंक्चर म्हणाली तर तिला रस्त्याबद्दल विचारण्याआधी चाक खोला. माझ्या भाचीला कित्येक महिने जे ऐकून घ्यावं लागलं ते एका ट्यूबवरचा आकडा न वाचल्यामुळं, आणि आकडा वाचणं तिचं काम नव्हतं, ट्यूब आणणाऱ्याचं होतं.

तुमच्या दुकानात बॉक्स उलटा करून ३७-५९० किंवा २६ × १-३/८ छापलंय का बघा. नसेल तर पैसे देऊ नका, दुसरं दुकान गाठा. ही ट्यूब काही दुर्मिळ नाही, लेडीज सायकली गावभर आहेत.