चिवट मांस : जात किती, हाताळणी किती?

प्रश्न : एकाच दुकानातून आणलेलं बड्याचं (म्हशीचं) मटण कधी मऊ शिजतं, तर कधी सहा शिट्ट्या झाल्या तरी चिवट राहतं. हा जातीचा गुण का? जनुकांची चाचणी करून तो आधी कळतो का? (एक वाचक, भायखळा)

उत्तर : जातीचा वाटा आहे, पण आपल्याला वाटतो तेवढा नाही. यावरचं बहुतेक जनुकीय काम परदेशात, गाईबैलांवर झालं आहे. त्यातली दोन जनुकं महत्त्वाची. 29व्या गुणसूत्रावरचं जनुक कॅल्पेन-1 हे विकर (एन्झाइम) घडवतं. जनावर कापल्यानंतर स्नायूंचे तंतू तेच तोडतं. 7व्या गुणसूत्रावरचं दुसरं जनुक कॅल्पास्टॅटिन बनवतं, ते या विकराला अडवतं. वशिंडाच्या गुरांत ही अडवणूक जास्त, म्हणून ब्राह्मन या वशिंडाच्या गुरांच्या जातीचं मांस बिनवशिंडाच्या अँगस जातीपेक्षा सरासरीने चिवट. कॅल्पेनच्या अमिनो आम्लांच्या साखळीत 316व्या जागी ग्लायसीनऐवजी अ‍ॅलॅनीन असेल तर मांस मऊ मिळतं; पण वशिंडाच्या जातींत हा प्रकार विरळा, तिथे याच जनुकातली 4751 ही दुसरी जनुकीय खूण अधिक उपयोगी पडते. गुरांवर तपासलेल्या या खुणा म्हशीला सरसकट लावू नयेत.

एकाच जातीतल्या फरकातही आनुवंशिकतेचा हिस्सा ढोबळमानाने पाव ते एक तृतीयांश. बाकी सगळं वय, कोणता भाग आणि कापल्यानंतरची हाताळणी. मुंबईत खरी अडचण इथेच आहे. कॅल्पेनला 0 ते 4 अंशांवर दहा-चौदा दिवस मिळाले तर ते नीट काम करतं. आपण पहाटे कापलेलं दुपारी कुकरमध्ये घालतो, नेमकं स्नायू ताठरलेले असताना. मग जनुक कितीही चांगलं असो, त्याला वेळच मिळत नाही.

करायचं ते असं. शक्यतो हाडासकट, किलोभराचा एकसंध तुकडा घ्या. हाडाला धरलेला स्नायू कमी आकसतो. न धुता कोरडा टिपा, ताटातल्या जाळीवर झाकून ठेवा आणि 4 अंशांखाली फ्रीजच्या सर्वात थंड भागात दोन दिवस राहू द्या. मांस दुकानात तासन् तास उघड्यावर टांगलेलं असेल तर मात्र हे करू नका, त्याच दिवशी शिजवा. कोमट, लिबलिबीत मांस थेट फ्रीझरमध्ये टाकणं सर्वात वाईट : ताठरण्याआधी गोठलेला स्नायू वितळताना जोरात आकसतो आणि रबरासारखा होतो.

म्हाताऱ्या जनावराची मान किंवा नळीचं मांस असेल तर दोष कोलॅजनचा, म्हणजे स्नायूंना बांधून ठेवणाऱ्या चिवट प्रथिनाचा. तिथे असं थंडीत ठेवून मुरवून फारसं साधत नाही. पाणी घालून मंद आचेवर अडीच-तीन तास शिजवणं हाच उपाय.

प्रश्न : प्रयोगशाळेत कोवळेपणा मोजताना एकाच तुकड्याचे आकडे फार वेगवेगळे येतात. (एक विद्यार्थिनी, परळ)

उत्तर : बहुधा नमुने तिरके काढले जात असावेत. 2.54 सेंमी जाडीचा काप मध्यभागी 71 अंश होईपर्यंत भाजा, पूर्ण थंड करा आणि 1.27 सेंमी व्यासाचे किमान सहा नमुने तंतूंच्या दिशेनेच काढा. मांस कापायला लागणारा जोर मोजणाऱ्या यंत्राचं पातं तंतूंना आडवं गेलं पाहिजे. गरम मांसातून नमुना सरळ निघत नाही, म्हणून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवणं बरं. चरबीची किंवा शिरेची गाठ आलेला नमुना बाद करा. आणि दोन जनावरांची तुलना करायची तर दोघांचं मांस सारखेच दिवस मुरलेलं हवं, नाहीतर दिवसांचा फरक जनुकांच्या नावावर जमा होतो.