मेरूच्या वाटेवर : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : किलिमांजारोला जायचं ठरतंय. टूरवाले म्हणतात, आधी टांझानियातल्याच अरुशा नॅशनल पार्कमधला माउंट मेरू करा. तो फक्त सराव म्हणून करायचा का?

सराव म्हणून उत्तमच. मेरू ४,५६६ मीटर, किलिमांजारो ५,८९५. पण त्याला नुसता सराव म्हणणं मला पटत नाही. सुमारे ८,००० वर्षांपूर्वी या ज्वालामुखीची पूर्वेकडची बाजू ढासळली. उरलेल्या कड्याच्या धारेवरून आपण माथा गाठतो. एका बाजूला खोल विवर आणि त्यात उभा राखेचा सुळका. माथ्याच्या वाटेवरच्या ऱ्हायनो पॉइंटच्या पुढे दृष्टिभय (खाली खोल पाहून वाटणारी भीती) आहे, हे आधीच सांगून ठेवतो. पहाटे पूर्वेला किलिमांजारो उजळायला लागतो, तो देखावा खुद्द किलिमांजारोवरून कसा मिळणार?

प्रश्न : आफ्रिकेच्या जंगलात गाडीतून उतरू देत नाहीत म्हणतात. इथे चालायचं कसं? सिंह आला तर?

या पार्कात सिंह नाहीत. जपायचं ते रानरेड्यांना, म्हणून बंदूकधारी रेंजरशिवाय मेरूवर कुणालाच सोडत नाहीत. चढाई जिथून सुरू होते त्या मोमेला गेटपासून अर्ध्या तासावर आमच्या रेंजरने नुसता हात वर केला. चाळीसेक पावलांवर गवतात रेडा उभा होता. ओलं काळं नाक, पाठीवर गोचिड्या टिपणारे दोन पक्षी. कुणी हललं नाही. दोनेक मिनिटांनी त्यानेच तोंड फिरवलं. रेंजरने खांद्यावरची बंदूक काढलीसुद्धा नाही. त्याच्या पुढे जायचं नाही आणि फोटोसाठी मागे रेंगाळायचं नाही, एवढं पाळा.

वर झाडीत शिरलात की कोलोबस माकडं शोधा. काळं अंग, खांद्यांवरून लोंबणारी पांढरी झालर, झुबकेदार पांढरी शेपटी. त्यांच्या हाताला अंगठा जवळजवळ नसतोच, तरी फांदीवरून फांदीवर अशी झेपावतात की मान दुखेपर्यंत बघत राहावं.

प्रश्न : वय ५८. कळसूबाई अनेकदा केलंय. विरळ हवेचा त्रास होईल का?

कळसूबाई १,६४६ मीटर. मोमेला गेटच १,५०० च्या आसपास आहे, म्हणजे तुमचा माथा तिथली सुरुवात! दमसास तुमच्याकडे आहे, पण विरळ हवा वय आणि दमसास बघत नाही. तीन दिवसांत उरकू नका, चार दिवस घ्या. पहिला मुक्काम मिरियाकाम्बा, साधारण २,५०० मीटर. दुसरा सॅडल हट, ३,५७०. तिथे पोचल्यावर दुपारी लिटल मेरू (३,८२०) चढून उतरा. शरीर सरावतं आणि रात्री जरा बरी झोप लागते. डोकं दुखलं तर लपवू नका, गाइडला सांगा. उलट्या झाल्या किंवा तोल जायला लागला तर त्याच घडीला खाली उतरायचं, माथा कितीही जवळ असो. डायमॉक्स (विरळ हवेच्या त्रासावरची गोळी) डॉक्टरांना विचारूनच. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर तसं आवर्जून सांगा. तिथे सगळे 'पोले पोले' म्हणतात, म्हणजे हळूहळू. ते मनापासून ऐका.

प्रश्न : कधी जावं? लस लागते का? खाऊ नेता येईल?

जून ते ऑक्टोबर किंवा डिसेंबरअखेर ते फेब्रुवारी. मार्च ते मे मोठा पाऊस. विमान नैरोबी किंवा आदिस अबाबामार्गे असेल तर पिवळ्या तापाची लस घ्याच. जाताना-येताना दाखला मागू शकतात आणि तो लस घेतल्यानंतर १० दिवसांनी ग्राह्य धरतात. खाऊ जरूर न्या, फक्त प्लास्टिकच्या पिशव्यांत नको. टांझानियात त्यांवर २०१९ पासून बंदी आहे. लाडू स्टीलच्या डब्यात, चिवडा कापडी पिशवीत.