'फिनिश'ला मराठीत काय म्हणावे?

नेरूळच्या एका वाचकांनी सोसायटीच्या बागेतील पेपरक्रीटच्या, म्हणजे कागदाचा लगदा, सिमेंट आणि वाळू कालवून उभारलेल्या बुटक्या भिंतीसाठी सूचनापत्रक लिहिले असून, त्यातील 'टिकाऊ समाप्ती' हा 'ड्युरेबल फिनिश'चा पर्याय बरोबर आहे का आणि 'गिलावा' फक्त सिमेंटचाच असतो का, असे विचारले आहे.

'समाप्ती' चालणार नाही. समाप्ती कामाची होते, भिंतीची नव्हे. मुळात गवंड्याच्या मराठीत 'फिनिश' नावाची एकच वस्तू नाही. भिंतीवर काय चढवले आणि कसे चढवले, यावर शब्द ठरतो. थापीने मारून रंध्याने सपाट केलेला जाड थर म्हणजे गिलावा. फारसीत 'गिल' म्हणजे चिखल, त्यामुळे या शब्दाचे नाते सिमेंटपेक्षा मातीशी जुने आहे, आणि एक भाग विरवलेला चुना व तीन भाग चाळलेली वाळू यांच्या थरालाही गिलावाच म्हणावे. त्यावर बारीक चुना पातळ ओढून घोटला की तो नीरू.

कुंचल्याने द्यायच्या पातळ थराला मात्र 'हात' हाच अस्सल शब्द आहे. दुधासारख्या पातळ चुन्याचा पहिला हात ओला असताना जवळजवळ दिसतच नाही, आणि माणूस उगाच दाट चुना कालवू लागतो. वाळता वाळता तो आपोआप पांढरा होतो. (लेखावर 'शेवटचा हात फिरवणे' आपण म्हणतो, ते 'फिनिश'च्या बरेच जवळ जाते.)

'रोगण' येथे टाळावे, आणि हा आग्रह निव्वळ भाषेचा नाही. रोगण म्हणजे तेलाचा रंग. पेपरक्रीट पाणी शोषून घेते, आणि ठाणे-नवी मुंबईच्या पावसाळ्यात एखाद्या भेगेतून आत शिरलेली ओल रोगणाच्या पापुद्र्याआड कोंडून पोपडे धरतात, तर चुना ती ओल वाफेच्या रूपाने बाहेर जाऊ देतो. नुसते 'टिकाऊ फिनिश द्यावे' असे लिहिल्यास कामगार ऑइलपेंटचा डबा घेऊन येण्याचीच शक्यता अधिक. 'मुलामा' धातूला शोभतो आणि त्याला दिखाऊपणाचा वास येतो, म्हणून तोही नको. मी असे लिहीन: 'भिंत पूर्ण वाळू द्यावी, मग ती किंचित भिजवून चुन्याचा गिलावा करावा, आणि तो घट्ट झाल्यावर चुन्याचे तीन-चार पातळ हात, आधीचा वाळल्यावर पुढचा, असे द्यावेत.'

पत्रकातील 'क्युअरिंग'साठी, म्हणजे ताजा थर ओला ठेवून कठीण होऊ देण्यासाठी, आपण 'पाणी मारणे' योजले आहे. सिमेंटला ते योग्यच आहे. पण चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू कठीण होतो, त्याला नुसता ओलावा पुरतो, आणि पाइपची धार लागली तर ताजा थर धुऊन जातो. तेथे 'पाणी शिंपडावे' असे लिहावे.