वाचकांचे प्रश्न : जहाजावरची केबिन, झडती आणि बाटली

क्रूझप्रवासाविषयी आलेल्या पत्रांतून या वेळी एकाच विषयाभोवतीचे प्रश्न निवडले आहेत. जहाजावर मद्य नेण्याबाबतचे नियम आणि ते पाळले जात आहेत की नाहीत हे पाहण्यासाठी होणारी सामानाची व केबिनची तपासणी, असा तो विषय आहे. कंपन्यांच्या अटी वेळोवेळी बदलत असल्यामुळे निघण्यापूर्वी आपल्या फेरीच्या अटी स्वतः वाचून घ्याव्यात.

प्रश्न : दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्ता करून आम्ही पती-पत्नी केबिनमध्ये परतलो, तेव्हा दोन सुरक्षा कर्मचारी आमचे कपाट उघडून पाहत होते. बॅगेतील रमची सीलबंद बाटली त्यांनी ताब्यात घेतली आणि 'तिकिटाच्या अटींत हे लिहिलेले आहे' एवढेच सांगितले. हॉटेलच्या खोलीत तर पोलिसांनाही वॉरंटशिवाय शिरता येत नाही. मग पूर्ण पैसे भरून घेतलेल्या केबिनमध्ये आमच्या माघारी शिरण्याचा अधिकार यांना कोणी दिला?

उत्तर : हा अधिकार तिकीट घेताना तुम्हीच दिला आहे, असे सांगणे भाग आहे. मोठ्या कंपन्यांच्या तिकीट करारात एक कलम हमखास असते. प्रवाशाची केबिन, त्यातील तिजोरी, त्याचे सामान आणि प्रसंगी त्याची अंगझडती कंपनी केव्हाही घेऊ शकेल, आणि प्रवाशाची त्याला संमती आहे, असा त्याचा आशय असतो. हे कलम ऑनलाइन आरक्षण करताना 'मान्य आहे' या चौकटीमागे दडलेले असते आणि ते कोणी वाचत नाही, ही गोष्ट खरी आहे. परंतु न वाचल्यामुळे करार बंधनकारक ठरत नाही, असे म्हणता येत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये एका क्रूझ कंपनीच्या खटल्यात तिकिटावर छापलेली अट ग्राह्य धरली होती. ती अट झडतीची नव्हती, दावा कोणत्या राज्यातील न्यायालयात दाखल करायचा याविषयीची होती. दुसऱ्या टोकाच्या राज्यात राहणाऱ्या प्रवाशांना त्या निकालामुळे फ्लोरिडाची वाट धरावी लागली. वाटाघाटीला जराही वाव नसलेली छापील अटसुद्धा वाजवी असेल तर लागू होते, हा त्या निकालाचा गाभा होता आणि त्या देशातील बंदरांतून निघणाऱ्या जहाजांवर त्याची छाया आजही आहे.

हॉटेलशी केलेली तुमची तुलना अर्ध्यापर्यंतच टिकते. हॉटेलच्या कारकुनाने परवानगी दिली म्हणून पोलिसांना पाहुण्याच्या खोलीची झडती घेता येत नाही, असा निर्णय त्याच न्यायालयाने १९६४ मध्ये दिला आहे. मात्र ते संरक्षण सरकारी यंत्रणेविरुद्धचे आहे. जहाजावरचा सुरक्षा कर्मचारी सरकारचा नोकर नसतो, कंपनीचा असतो. त्यामुळे वॉरंटचा प्रश्न त्याच्यापुरता उद्भवतच नाही. शिवाय जहाजावर त्याच्या ध्वजराष्ट्राचा, म्हणजे जहाजाची नोंदणी ज्या देशात झाली आहे त्याचा कायदा चालतो, आणि तो ध्वज बहुधा बहामा, पनामा, माल्टा किंवा बर्म्युडा यांपैकी एखाद्याचा असतो. खुल्या समुद्रात आपल्या घरच्या कायद्याचा दाखला देऊन दारात उभ्या असलेल्या अधिकाऱ्याला परतवून लावता येईल, अशी अपेक्षा न ठेवलेली बरी.

झडतीला सुरक्षेचेही कारण आहे आणि ते निव्वळ सबब म्हणून उडवून लावण्यासारखे नाही. जहाज व बंदर सुरक्षेची आंतरराष्ट्रीय संहिता १ जुलै २००४ रोजी लागू झाली. तेव्हापासून आंतरराष्ट्रीय फेरी करणाऱ्या प्रत्येक प्रवासी जहाजावर सुरक्षा अधिकारी नेमावा लागतो आणि वर येणाऱ्या माणसांवर व सामानावर नियंत्रण ठेवावे लागते. आगीची भीतीही तितकीच खरी आहे. मार्च २००६ मध्ये जमैकाकडे निघालेल्या 'स्टार प्रिन्सेस' या जहाजावर बाल्कनीत लागलेली आग शेजारच्या केबिनींमध्ये पसरली आणि एका प्रवाशाचा मृत्यू झाला. विझवल्याविना टाकलेले सिगारेटचे थोटूक हे तिचे संभाव्य कारण मानले गेले. इस्त्री, मेणबत्ती, पाणी तापवण्याची किटली या वस्तू कर्मचारी बॅगेतून काढून घेतात, त्यामागे हीच धास्ती आहे.

परंतु रमची सीलबंद बाटली आग लावत नाही, हे तुम्ही म्हणालच, आणि तुमचे म्हणणे बरोबर आहे. बाटलीवरच्या बंदीचे मुख्य कारण माझ्या मते पैसा हेच आहे. तिकिटाचा दर स्पर्धेपोटी खाली ठेवायचा आणि बार, खरेदी, जुगार व बंदरावरच्या सहली यांतून कमवायचे, असा हा धंदा आहे. मोठ्या कंपन्यांच्या वार्षिक अहवालांत जहाजावरील खर्चातून येणारे उत्पन्न तिकिटापासून वेगळे दाखवलेले असते आणि ते एकूण उत्पन्नाच्या चौथ्या हिश्श्याहून अधिक भरते. प्रत्येक केबिनमध्ये स्वतःची बाटली असेल तर त्यातला मोठा भाग आटेल, हे उघड आहे. कंपन्या मात्र 'आपल्या सर्वांच्या सुरक्षिततेसाठी' अशी भाषा वापरतात. ती खटकते, तरी तिच्यात तथ्यच नाही असेही म्हणवत नाही. बारमध्ये मर्यादेपलीकडे मद्य पाजलेला प्रवासी जिन्यावरून पडला, तर त्याची जबाबदारी कंपनीवर येऊ शकते, असे फ्लोरिडाच्या एका अपील न्यायालयाने २००४ मध्ये म्हटले आहे. बारमधला कर्मचारी निदान पेले मोजू शकतो. केबिनच्या बंद दारामागे कोण किती पीत आहे, हे कोणालाच कळत नाही.

आता तुमच्या हातात काय उरते ते सांगतो. झडती थांबवता येत नसली तरी 'मी समोर असताना करा' अशी विनंती करता येते आणि बहुतेक अधिकारी ती मानतात. जप्त केलेल्या वस्तूची पावती मागावी. वस्तू नष्ट करणार की शेवटच्या दिवशी परत देणार, हे त्यावर लिहून घ्यावे. रोख रक्कम किंवा दागिना जागेवर नसेल तर त्याच दिवशी गेस्ट सर्व्हिसेसच्या काउंटरवर लेखी नोंद करावी. अमेरिकेतील बंदरांतून चढ-उतार करणाऱ्या मोठ्या जहाजांना २०१० च्या कायद्यानुसार कोणत्या कर्मचाऱ्यांना प्रवाशांच्या केबिनमध्ये प्रवेश आहे आणि कोणत्या वेळी, याची कार्यपद्धती ठरवून ती पाळावी लागते. त्यामुळे 'आमच्या केबिनमध्ये कोण, केव्हा आणि कोणाच्या आदेशाने गेले' हा प्रश्न विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. दारावर 'त्रास देऊ नये' ही पाटी लावल्याने साफसफाई टळते, तपासणी टळत नाही.

प्रश्न : एका कंपनीच्या जहाजावर वाइन नेता येते, दुसऱ्या कंपनीच्या जहाजावर बियरही चालते, असे ऐकतो. नेमके काय चालते?

उत्तर : स्पिरिट्स, म्हणजे व्हिस्की, रम, वोडका, जिन यांना बहुतेक मोठ्या कंपन्यांची दारे बंद आहेत. वाइन आणि शॅम्पेनबाबत मात्र सवलत असते. कार्निव्हल आणि रॉयल कॅरिबियन या कंपन्या प्रत्येक प्रौढ प्रवाशाला ७५० मिलिलिटरची एक सीलबंद बाटली नेऊ देतात. ती पहिल्या दिवशीच आणि हातातील सामानातून न्यावी लागते. जहाजाच्या हमालांच्या हवाली केलेल्या मोठ्या बॅगेत ठेवली तर सवलतीतली बाटलीही अडकते. नॉर्वेजियन कंपनी वाइनच्या बाटल्यांवर बंदी घालत नाही, प्रत्येक बाटलीमागे कॉर्केज शुल्क, म्हणजे बाहेरून आणलेल्या बाटलीवरचा आकार, मात्र घेते. डिस्नेच्या जहाजांवर प्रौढाला वाइनच्या दोन बाटल्या किंवा बियरचे सहा कॅन चढताना नेता येतात आणि तेवढेच पुन्हा प्रत्येक बंदरावर नेता येतात. वायकिंगची समुद्री जहाजे या बाबतीत सर्वांत उदार आहेत. तेथे आपले मद्य आणण्यास मज्जाव नाही आणि कॉर्केजही नाही. अर्थात त्या जहाजांवर मुलांना प्रवेश नसतो, तिकीटही महाग असते, तेव्हा उदारतेची किंमत आधीच वसूल झालेली असते.

सवलतीतली वाइन केबिनमध्ये प्यायली तर बहुधा शुल्क पडत नाही, भोजनगृहात किंवा बारमध्ये उघडली की पडते. वयाची अटही जहाज कोठून निघते त्यावर बदलते. अमेरिकेतील बंदरांतून निघणाऱ्या फेऱ्यांवर ती २१ वर्षांची असते, युरोपातील फेऱ्यांवर बहुतेक कंपन्या १८ वर्षे पुरेशी मानतात.

प्रश्न : माझा एकोणीस वर्षांचा मुलगा मित्रांबरोबर क्रूझवर निघाला आहे. माउथवॉशच्या बाटलीत रंग घातलेला वोडका भरून नेण्याचा त्यांचा बेत मला कळला. पकडले गेले तर काय होईल?

उत्तर : हा बेत त्यांना वाटतो तितका नवा नाही. माउथवॉश, शाम्पू, सनस्क्रीनच्या बाटल्या, वाइनची पुन्हा बसवलेली बुचे, सपाट घडी होणाऱ्या प्लास्टिकच्या पिशव्या या सगळ्या युक्त्या तपासनिसांनी वर्षानुवर्षे पाहिलेल्या आहेत. सामान एक्स-रे यंत्रातून जाते. द्रवाने भरलेली मोठी बाटली त्यात ठळकपणे दिसते आणि शंका आली की झाकण उघडून वास घेणे एवढेच उरते. संशयित बॅग केबिनपर्यंत पोहोचतच नाही. प्रवाशाला खालच्या मजल्यावरील एका खोलीत बोलावले जाते आणि तेथे सर्वांसमोर बॅग उघडावी लागते. जुने प्रवासी तिला गमतीने खोडकरांची खोली म्हणतात.

प्रौढ प्रवासी एखाद्या बाटलीसह सापडला तर बहुधा बाटली ओतून दिली जाते आणि प्रकरण तेथेच मिटते. तुमच्या मुलाचे तसे नाही. जहाजावरील किमान वय २१ असेल तर मद्य लपवून आणणे आणि अल्पवयात जवळ बाळगणे अशा दोन्ही नियमांचा भंग होतो. करारानुसार त्याला पुढच्या बंदरावर उतरवण्याचा अधिकार कप्तानाला असतो. तसे झाले तर उरलेल्या फेरीचे पैसे मिळत नाहीत आणि परतीचा विमानखर्च स्वतःच्या खिशातून करावा लागतो. दर वेळी असे होते असे मी म्हणणार नाही, परंतु ते होईल की नाही हे ठरवणारा माणूस तुमचा मुलगा नसेल. मित्रांपैकी कोणी २१ पूर्ण असेल आणि तो इतरांना पेला भरून देणार असेल, तर त्यालाही हेच लागू आहे, हे त्यांच्या कानावर घालावे.

प्रश्न : वाटेतल्या बंदरावर घेतलेल्या मद्याच्या बाटल्या जहाजावर चढताना काढून घेतल्या. त्या परत मिळतील ना? आणि जहाजाच्याच दुकानातून घेतलेली बाटलीही शेवटपर्यंत का देत नाहीत?

उत्तर : मिळतात. चढतानाच त्यांना चिठ्ठी लावून पावती दिली जाते आणि शेवटच्या संध्याकाळी केबिनमध्ये किंवा ठरलेल्या ठिकाणी त्या परत दिल्या जातात. जहाजाच्या दुकानातली बाटलीही याच पद्धतीने मिळते, कारण ती करमुक्त दराने घरी नेण्यासाठी विकलेली असते. तीच केबिनमध्ये उघडता आली तर बारमधला पेला कोण घेणार, हेही कारण आहेच.

परतीच्या प्रवासात खरी अडचण पुढे येते. अमेरिकेत परतणाऱ्या २१ वर्षांवरील प्रवाशाला साधारणपणे एक लिटर मद्य करमुक्त नेता येते आणि त्यापुढे शुल्क लागू शकते. त्यानंतर विमान पकडायचे असेल तर या बाटल्या विमानतळावर सोपवायच्या बॅगेत घालाव्यात, कारण हातातील बॅगेत १०० मिलिलिटरपेक्षा मोठे द्रवपात्र सुरक्षा तपासणीत अडते. मद्यार्क ७० टक्क्यांहून अधिक असेल तर बाटली विमानात कोठेच नेता येत नाही. बेटांवर मिळणारी अतितीव्र रम भेट म्हणून घेणाऱ्यांनी हे आधीच ध्यानात घ्यावे.

प्रश्न : जहाज बंदराला लागल्यावर कुत्रा घेऊन आलेल्या सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी शेजारची केबिन तपासली. त्यांचे अधिकार जहाजाच्या कर्मचाऱ्यांसारखेच असतात का?

उत्तर : नाहीत, त्यांचे स्वरूपच वेगळे आहे. हे अधिकारी सरकारचे असल्यामुळे घटनात्मक मर्यादा त्यांना लागू होतात, परंतु सीमेवर त्या मर्यादा बऱ्याच सैल असतात आणि सामान तपासण्यासाठी त्यांना कारण द्यावे लागत नाही. झोपायच्या केबिनचे मात्र थोडे निराळे आहे. अमेरिकेतील तिसऱ्या सर्किटच्या (तेथील केंद्रीय अपील न्यायालयांच्या विभागांना सर्किट म्हणतात) न्यायालयाने २००८ मध्ये म्हटले की, क्रूझच्या केबिनमध्ये माणूस घरासारखा खाजगीपणा अपेक्षितो, म्हणून तेथे झडती घेण्यासाठी अधिकाऱ्यांकडे वाजवी संशयाचे कारण हवे. त्या प्रकरणात तसे कारण होते, असे ठरून झडती वैधच राहिली. दोन वर्षांनी अकराव्या सर्किटने मालवाहू जहाजावरील खलाशाच्या केबिनबाबत उलट मत दिले. म्हणजे हा प्रश्न सर्वत्र एकसारखा सुटलेला नाही, आणि प्रत्येक देशाचे सीमाशुल्क खाते आपापल्या कायद्याने चालते.

एक सावधगिरी येथे सांगितली पाहिजे. अमेरिकेतील ज्या राज्यांत गांजा कायदेशीर आहे, तेथून चढणाऱ्या प्रवाशांचीही या कुत्र्यांपुढे फसगत होते, कारण जहाज आणि बंदर यांना केंद्रीय कायदा लागू असतो व तो गांजाला मनाई करतो.

प्रश्न : पिण्याच्या पाण्याच्या बाटल्याही नेऊ देत नाहीत, हे खरे आहे का? मला रात्री श्वसनयंत्रासाठी डिस्टिल्ड पाणी लागते.

उत्तर : काही कंपन्यांबाबत खरे आहे. कार्निव्हलने २०१५ मध्ये प्रवाशांनी बाटलीबंद पाणी आणण्यावर बंदी घातली, कारण पाण्याच्या बाटलीत पारदर्शक मद्य भरून आणण्याचे प्रकार वाढले होते आणि प्रत्येक बाटली तपासण्यात रांगा लांबत होत्या. वैद्यकीय गरजेच्या पाण्याला मात्र सवलत असते. आरक्षणानंतर लगेच कंपनीच्या विशेष गरजा विभागाला कळवावे. अनेक जहाजांवर असे पाणी आधी मागणी केल्यास केबिनमध्ये ठेवून मिळते. स्वतः नेणार असाल तर बाटली सीलबंद ठेवावी, हातातील सामानात घ्यावी आणि डॉक्टरांची चिठ्ठी तिच्यासोबतच बाळगावी.